भातकुलीचा रडका पुंजाजी

भातकुलीत पुंजाजीला लहानपणापासून सगळे ‘रडका’ म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. वासरू दगावलं की त्याचे डोळे भरायचे, कीर्तनात भरायचे, कोणी प्रेमानं बोललं तरी भरायचे. एकदा तो आणि बहीण शकुन एकाच निंबावरून पडले. गुडघे दोघांचेही फुटले. शकुन धूळ झटकून उभी राहिली. पुंजाजीनं भोकाड पसरलं. बाप शकुनवर डाफरला, “पोरीची जात, झाडावर काहून चढली?” आणि पुंजाजीच्या कानाखाली वाजवली, “पोट्टा हायेस का पोट्टी? रडतं काहून बे?”

शकुनच्या लग्नात नवरी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसली आणि भाऊ मांडवाचा खांब धरून हमसून हमसून रडला. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, “नवरी कोन्ती हाय, बाप्पा?”

पुढं स्वतःच्या लग्नात सासू रडायला लागली, तसं पुंजाजीनंही सुरू केलं. नवरी जमुना आपलं रडणं विसरून त्यालाच पदर देत बसली. “सासरी मी चालली का तुमी?” म्हणाली आणि दोघंही हसत सुटले.

गावात गडी म्हणून राहायचं तर दिसायला तरी हवं, म्हणून त्यानं मिशा वाढवून पाहिल्या. मिशा भिजायच्या, एवढाच फरक पडला.

मग कापसाची वाईट वर्षं आली. गडीमाणसं पारावर तंबाखू मळत बसायची, पण मनातलं कोणी बोलायचं नाही. ही गप्प माणसं एक दिवस जिवाचं काही करून घेतील, अशी पुंजाजीला धास्ती वाटायची.

शेजारचा गयासुद्दीन पहेलवान तर तालमीतल्या पोरांना बजावायचा, रडणाऱ्याला आखाड्यात जागा नाही. त्याची एकुलती एक लेक निखत अकोल्याच्या जुन्या शहरात दिली. पाठवणीला पहेलवान ताठ उभा राहिला. लोकांनी वाहवा केली. पण दुसऱ्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं, तालीम सुटली. त्याची बायको हमिदा जमुनाकडे येऊन म्हणाली, “ताट तसंच वापस येऊन राह्यलं, भाबी. बोलत बी नाईत.”

पुंजाजी गेला आणि पहेलवानाच्या बाजेवर टेकला.

“निखतनं जातानी मागं वळून पाह्यलं नाई काय गा?”

“तिनं पाह्यलं,” पहेलवान म्हणाला. “म्याच नाई पाह्यलं. पाह्यलं असतं तं रडलो असतो.”

“मंग रडाचं होतं.”

“लोकं काय म्हनले असते?”

“मले म्हन्तात तेच. पन मले जेवन तं जाते!”

पहेलवान हसायला गेला, आणि हसण्यातूनच असा हंबरडा फुटला की हमिदा कणकेच्या हातानं धावत बाहेर आली. पुंजाजी अर्थातच सोबतीला होता. दोघांकडं पाहून ती आत गेली आणि तिनं तवा ठेवला. त्या दिवशी पहेलवान पोटभर जेवला.

त्याच आठवड्यात पहेलवान आणि पुंजाजी एसटीनं अकोल्याला गेले. दारात निखत दिसताच पहेलवानाचे डोळे पुन्हा वाहू लागले. तिचा सासरा आधी गोंधळला, मग खिशातला रुमाल स्वतःच्याच डोळ्यांना लावू लागला. त्याचीही लेक कुठंतरी दिलेली होती. निखत हसत म्हणाली, “अब्बू, चाय ठंडी हो रही!”

परतीच्या गाडीत पहेलवान मूर्तिजापूरपर्यंत निखतच्या लहानपणच्या खोड्या सांगत होता. पुढं बडनेऱ्यापर्यंत तो पुंजाजीच्या खांद्यावर मान टाकून घोरला.