अनसाबाईंच्या दुकानातली खाकी कव्हरं

शिक्रापूरच्या चौकात, ट्रकांच्या भोंग्यांत आणि मोबाईलच्या दुकानांच्या गर्दीत ‘बिरोबा पुस्तकालय’ अजून तग धरून होतं ते अनसाबाईंमुळं. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्यानं, रखमाजींनी, ते काढलं तेव्हा भावकी पोट धरून हसली होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्या घरात पुस्तकांचं दुकान! रखमाजी कुणाला बधले नाहीत. गाईड आणि वह्या विकून त्यांनी दुकान जगवलं आणि मागच्या भिंतीला कथा-कादंबऱ्या लावून स्वतःची हौस भागवली.

ते जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून गल्ल्यावर अनसाबाई. त्यांनी वाचलं नाही असं पुस्तक नाही, असं सणसवाडीच्या कंपन्यांतले कामगारसुद्धा सांगत. कुणी आलं की त्या जरा विचारपूस करत आणि उठून नेमकं पुस्तक काढून देत. अट एकच. वाचून झालं की येऊन गोष्ट सांगायची. “बघू तर, काय कळलं तुला,” म्हणायच्या. लोकांना वाटे, म्हातारी परीक्षा घेते. परीक्षा कसली डोंबलाची! अनसाबाईंना अक्षरओळखच नव्हती.

आकडे तेवढे कळत, म्हणून किंमत चुकत नसे. रखमाजी रोज संध्याकाळी, भाकरी होईपर्यंत, चुलीपाशी बसून एकेक पुस्तक सांगत. त्यांच्या माघारी आलेली पुस्तकं गिऱ्हाइकांनीच सांगितली. नाव कानानं पाठ, मुखपृष्ठ डोळ्यांनी. अनसाबाई खोटं कधी बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं. रखमाजी शिकवायला तयार होते, अनसाबाईंनीच अंग चोरलं. पुढं गावानं इतका मान दिला की कबूल करायची भीतीच बसली.

या उन्हाळ्यात चौकात रस्त्याचं खोदकाम निघालं आणि धूळ थेट पुस्तकांवर येऊ लागली. त्यातच अनसाबाई भाच्याच्या लग्नाला चार दिवस यवतला गेल्या. किल्ली वैष्णवीकडे होती. ही शेजारच्या गल्लीतली, बी.एड. करणारी, दुकानातच वाचून मोठी झालेली मुलगी. तिनं पाच-सात वाचक गोळा केले आणि मागच्या भिंतीवरच्या सातशेच्या सातशे पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. जूनमध्ये घरोघरी शाळेच्या पुस्तकांना घालतात तशीच, कोपरे दुमडून, चिकटपट्टी लावून. पाठीवर स्केचपेननं नावं लिहिली आणि सगळी लेखकांच्या आडनावांप्रमाणं नव्यानं लावली. इतक्या मायेनं कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल.

अनसाबाई परत आल्या आणि दारातच थबकल्या. समोर नुसती खाकी भिंत. ओळखीच्या सातशे माणसांनी एकदम तोंडं झाकून घ्यावीत तसं त्यांना झालं.

“आवडलं का, आजी?” वैष्णवीनं विचारलं. कागदानं तिची बोटं चिरली होती.

“लई ग्वाड केलंस, पोरी,” अनसाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

दोन दिवस त्यांनी गुडघ्यांवर निभावले. “गुडघं दुखत्यात बाबा, तूच घे हुडकून,” असं प्रत्येकाला सांगितलं. सगळी कव्हरं फाडून टाकावीत असं कितीदा मनात आलं. पण वैष्णवीला कारण काय द्यायचं?

तिसऱ्या दिवशी सविता आली. सणसवाडीत कंपनीत लाईनवर काम करणारी, खोली भाड्यानं घेऊन नवऱ्यासोबत राहणारी. पंधरवड्यापूर्वी तिचं पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. ती स्टुलावर बसली ती भिंतीला डोकं टेकूनच.

“मावशी, काही सुचत नाही. तुम्हीच द्या काहीतरी.”

द्यायचं पुस्तक अनसाबाईंना लगेच आठवलं. लेकरू गेलेली एक बाई आईवेगळं कोकरू वाढवते आणि हळूहळू माणसांत येते, ते. पण ते या खाकी भिंतीत कुठं होतं? सापडत नाही म्हणाल्या असत्या तर निभावलं असतं. पण अभिमान आडवा आला. त्यांनी हातानं चाचपलं. जाडी तीच, उंची तीच. दिलं काढून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवितानं ते पुस्तक गल्ल्यावर आपटलं. आईची नजर चुकते, लेकरू विहिरीत बुडतं आणि सगळं गाव त्या आईला शेवटपर्यंत बोल लावतं, अशी ती गोष्ट निघाली.

“तुम्ही सगळी वाचलीयेत. मग मला हेच का दिलंत? माझ्याच चुकीनं गेलं, असं म्हणायचंय ना तुम्हाला?”

मान गेला खड्ड्यात, हे अनसाबाईंना त्या घटकेला कळलं.

“न्हाई गं बाई. मला वाचायाच येत न्हाई.”

वैष्णवी तिथंच होती. ती हसून म्हणाली, “काहीतरीच काय, आजी!”

सविता हसली नाही. “निदान बहाणा तरी बरा शोधायचा, मावशी,” म्हणाली आणि निघून गेली.

अनसाबाई गल्ला तसाच टाकून, चप्पल न घालता तिच्या मागं धावल्या. सणसवाडीची वडाप रिक्षा भरत होती. सविता आत बसणार एवढ्यात त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि तिथंच, धुळीत उभं राहून, गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती बाई, ते कोकरू, पहिल्या दिवशी त्यानं बाटली तोंडात न घेणं, मग बाईनं स्वतःचं बोट दुधात बुडवून देणं. रखमाजींनी सांगितली होती तशी, एक शब्द न गाळता. एक रिक्षा गेली. दुसरी गेली. सविता पदरानं डोळे पुसत ऐकत राहिली.

“हे का नाही दिलंत मग?” तिनं विचारलं. “दुकानात नाहीये का?”

“हाय की. म्या गेल्या म्हैन्यातच पुसून ठिवलं व्हतं,” अनसाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. “पन आता कुठलं ते मला वळखू येत न्हाई गं. कुठलंच वळखू येत न्हाई.”

तेव्हा कुठं सविताला खरं वाटलं.