पाण्याच्या बाजूनं फेन्ना

ग्रोनिंगन प्रांतातल्या ऑस्टरमोंड गावात एकदा अशी कुजबुज उठली होती, की फेन्ना माइबोमनं भर पावसात नवऱ्याला कालव्यात ढकलून दिलं आणि मग सायकलवर टांग मारून, जणू काही झालंच नाही अशी, घरी येऊन कांदे चिरायला बसली. कांदे आफीनानं पदरचे घातले होते. आफीनाचं गावातल्या पुलाजवळ लोकरीचं दुकान. तिथे लोकर कमी आणि बातम्या जास्त विकल्या जात, त्याही फुकट.

पण बातमी अगदीच हवेतली नव्हती. आफीनाच्या मावसबहिणीचं घर गावाबाहेर, दुसऱ्या एका पुलापाशी, पलीकडच्या काठावर. तिनं खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की पिवळा रेनकोट घातलेला एक वाकलेला माणूस पाण्याकडे चाललाय, फेन्ना त्याला मागून ढकलतेय, आणि मग धप्प! तासाभरानं फेन्ना एकटीच गावात शिरली, नखशिखांत भिजलेली. तिचा नवरा वुब्बो पुढे कितीतरी दिवस कुणाला दिसला नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माइबोमांच्या बैठकीच्या खोलीचे पडदे भरदिवसा ओढलेले. आमच्याकडे पडदे दिवसा ओढतात ते घरात मयत झाली तर, नाहीतर काही लपवायचं असेल तर. सरळ माणसाची खोली रस्त्यावरून कुंड्यांसकट दिसली पाहिजे.

फेन्ना मूळची पाण्यावरची. तिचा बाप पीटचा नावाडी होता. दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या विटा तो कालव्यातून शहराकडे न्यायचा आणि बायकापोरांसकट नावेतच राहायचा. फेन्नाचा जन्मही तिथलाच. कुठे कालवा खोल, कुठे उथळ, हे तिला दुसऱ्या पोरींना गल्ल्या ठाऊक असतात तसं ठाऊक. वुब्बो बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यातला कामगार. एका सप्टेंबरात तो दिवसभर पावसात, नावेच्या बरोबरीनं काठाकाठानं सायकल चालवत राहिला. नाव चालणार गोगलगाईच्या चालीनं. हा पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा मागे यायचा. बाप म्हणाला, "याला मेंदू असता तर घरी गेला असता." फेन्ना म्हणाली, "मेंदू असलेले सगळे घरीच गेले, बाबा."

लग्नानंतर दर सप्टेंबरात दोघं तोच फेरा मारायची. जाताना एक कालवा, मध्ये एप्पोकडे सूप, येताना दुसरा कालवा. एप्पोचं दुकान म्हणजे नावांसाठी पूल उघडणाऱ्याचं जुनं घर. पूल आता बटणावर चालतो, म्हणून एप्पो सूप विकतो.

मग वुब्बोचे डोळे गेले. पुरते नाही गेले. मधला भाग पुसल्यासारखा झाला, कडेचं तेवढं दिसे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सायकल बंद. वुब्बो म्हणाला, "ती मोटारीनं येते दवाखान्यात. तिला काय कळतंय सायकलीतलं?" ऑस्टरमोंडमध्ये माणूस पाय फुटायच्या आधी पेडल मारतो आणि सायकल सुटली की त्याला लोक खुर्चीसकट खिडकीत नेऊन ठेवतात. वुब्बोला ती खुर्ची नको होती.

म्हणून फेन्नानं एक युक्ती काढली. ती नेहमी पाण्याच्या बाजूनं चालवायची, तो आतल्या बाजूला. आणि सारखी बोलायची. "बघ, तिकडे गायी किती गुबगुबीत आहेत," म्हणजे शेताकडे वळ. "अरे, बगळा, हलू नकोस," म्हणजे हळू हो. वुब्बो म्हणायचा, "हो, दिसला. मोठा आहे." बगळा नसायचाच. लोकांना वाटे, या वयात काय गुलूगुलू बोलतात दोघं! आफीना तर म्हणायची, "फेन्नाच्या तोंडाला बूच बसवायला हवं. म्हाताऱ्याला श्वास तरी घेऊ देते का?"

त्या सप्टेंबरात सकाळपासून पावसाची झड लागली होती. आकाश कालव्याच्या रंगाचं आणि कालवा शिशाच्या. फेन्ना दारात उभी राहून म्हणाली, "या वर्षी राहू दे. घरीच सूप करते."

"आपण काय साखरेचे आहोत? लग्न ठरलं तेव्हा ऊन होतं का?"

"तेव्हा तुला दिसत होतं."

"तुझ्याशी लग्न केलं, म्हणजे तेव्हाही नसणार."

यावर ती हसली, आणि हसली म्हणून निघाली.

वारा तोंडावर. शेतातल्या बटाट्याच्या सऱ्यांत पाणी साचलेलं. वाटेत भेटेल तो "मोई" असा नमस्कार करत मान खाली घालून निघून जात होता. फेन्नाच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. आता तिलाही धड दिसेना, पण बगळे आणि गायी चालूच होत्या. पावसाच्या आवाजात त्यांतल्या अर्ध्या वुब्बोपर्यंत पोचत नव्हत्या.

वळणावर समोरून एक बाई आली. तिच्या सायकलीला पुढे लाकडी पेटी, पेटीत दोन लहान मुली, वर पारदर्शक प्लास्टिकचं छत. फेन्ना ओरडली, "गायी बघ, गायी!" वुब्बो सरळ पुढे गेला. बाईनं हँडल मोडल्यासारखं फिरवलं. पेटीचं एक चाक काठाच्या गवतावर गेलं आणि पाण्यापासून हातभर अंतरावर थांबलं. आतल्या मुली छताला नाक लावून बघत राहिल्या. त्यांना गंमत वाटली होती.

"ए म्हाताऱ्या!" बाईचा आवाज फाटला. "डोळे घरी ठेवून आलास का रे?"

 बरंच पुढे गेल्यावर वुब्बो म्हणाला, "हल्लीच्या बायका बाजूच देत नाहीत."

"पेटी होती, वुब्बो. पोरी होत्या आत."

"दिसल्या मला."

"किती होत्या?"

पाऊस वाजत राहिला.   आज घरी पोचलो तर उद्या हा पुन्हा सायकल काढणार, आणि एक दिवस ती पेटी काठावर थांबणार नाही, हे फेन्नाला लख्ख दिसलं. सायकल मागितली तर तो देणार नाही. कुलपाची किल्ली लपवली तर दुसरी करून आणेल. हिसकावून घेतली तर जन्मभर बोलणार नाही.

एप्पोकडे ओले कपडे आत आणायला बंदी. वुब्बोनं सायकल भिंतीला लावली, आपला घेरदार पिवळा रेनकोट तिच्यावर पांघरला, टोपी हँडलवर बसवली, सीट कोरडी राहावी म्हणून. आत वाटाण्याचं घट्ट सूप आलं, सॉसेजचे काप आणि राईचा काळा पाव आला.

"मोई, म्हाताऱ्या. अजून जिवंत?" एप्पो म्हणाला.

"तुझं सूप इतकी वर्षं खाऊनसुद्धा."

फेन्ना उठली. "माझ्या सीटवर पिशवी घालून येते," म्हणून बाहेर गेली.

पुलापाशी नावा वळवण्यासाठी कालवा रुंद खणलेला आहे. तळ तिथं सगळ्यांत खोल, हे तिला बापानं दाखवलं होतं. सायकलीच्या मागच्या चाकाला कुलूप होतं. तिनं कॅरियर धरून मागचं चाक उचललं आणि पुढच्या चाकावर ढकलत ते ओझं काठापर्यंत नेलं. रेनकोट तसाच वर होता. तो काढायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. पाण्यात पडल्यावर तो क्षणभर फुगला, कुणी श्वास घ्यावा तसा, आणि मग बुडाला.

ती आत आली तेव्हा रेडिओ मोठ्यानं लागला होता. सूप निवलं होतं. निघायच्या वेळी तिनं सांगितलं, "वुब्बो, सायकल नाही. चोरीला गेली."

तो बाहेर येऊन भिंतीवर हात फिरवत राहिला. आमच्याकडे सायकल चोरीला जाण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सर्दी व्हावी तशी ती चोरीला जाते. "मीच कुलूप लावायला विसरलो," तो म्हणाला. एवढंच.

एप्पोनं त्याला गाडीनं घरी सोडलं. फेन्ना आपली सायकल घेऊन एकटी आली, सवयीनं पाण्याच्याच बाजूनं.

रात्री त्याची ओली विजार वाळत टाकताना खिशातून किल्ली पडली. मागच्या चाकाच्या कुलपाची ती किल्ली कुलूप लागल्याशिवाय निघतच नाही. ते ठाऊक नसलेला माणूस अख्ख्या ग्रोनिंगनमध्ये नाही. फेन्नानं ती पुन्हा खिशात ठेवली. सकाळी ती दारामागच्या खिळ्यावर होती, नेहमीच्या जागी. वुब्बोनं टांगली होती. 

त्याला ताप आला, उतरला, पण तो बाहेर पडेना. खिडकीतल्या खुर्चीत बसून जाणाऱ्या सायकली कानानं ओळखायचा. "हा योप्को. चेन कोरडी ठेवतो गाढव." जाणारे लोक आपल्याकडे बघतात असं वाटलं की म्हणायचा, "पडदा ओढ." दोघांची सायकल घेऊ या, म्हणून तिनं सुचवलं तर म्हणाला, "मागे बसायला मी काय बटाट्याचं पोतं आहे?" पुढे भेटायला येऊ लागलेल्यांना मात्र तो चोरीची कथा रंगवून सांगे, आणि प्रत्येक वेळी शेवटी, "चूक माझीच. कुलूप विसरलो." फेन्ना कॉफी ओतत असायची.

तो दिसल्यावर कुजबुज मरायला हवी होती. पण आफीना म्हणाली, "ढकललं तर होतंच. पोहून वर आला."

दुसऱ्या हिवाळ्यात वुब्बो गेला. दफनानंतरच्या कॉफीला एप्पो फेन्नाच्या शेजारी येऊन बसला, केकचा तुकडा ताटलीत फिरवत.

"फेन्ना, त्या दिवशी पाण्यात काहीतरी पडलं ना, मी उठून बघायलाच निघालो होतो. वुब्बोनं माझी बाही धरली. म्हणाला, बस खाली. रेडिओ मोठा कर."

फेन्नानं कप खाली ठेवला. "मग तू केलास?"

"केला. जुनं गिऱ्हाईक होतं."

गेल्या वसंतात नगरपालिकेच्या यंत्रानं कालव्याचा गाळ काढला. एक सायकल वर आली, दांड्याला पिवळी चिंधी, मागच्या चाकाला लागलेलं कुलूप. मावसबहिणीनं आफीनाला फोन केला, पण आफीनाला माणूस हवा होता, सायकल नको होती. फेन्ना तिथे जाऊन थोडा वेळ बघत उभी राहिली आणि घरी आली. किल्ली अजून खिळ्यावर आहे.

फेन्नानं नवऱ्याला ढकललं नाही. त्याची सायकल ढकलली, आणि ते त्याला ठाऊक होतं.