धनेशभाऊंचं नाक आणि चिमटा

जबलपुरातल्या मराठी घरांत मसाला दळायचा तर तो धनेशभाऊंच्याच चक्कीवर. पार खमरियाहून बाया बसने डबे घेऊन येतात. डब्याचं झाकण उघडलं की धनेशभाऊ आधी नाक खुपसतात. "धणे कच्चे राहिले, ताई. घरी न्या, अजून भाजून आणा," असं बिनदिक्कत सांगतात. गिऱ्हाईक परत गेल्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. माणूस हट्टी, पण नाक सोन्याचं.

ते नाक ते जपायचेही सोन्यासारखंच. चक्की सुरू झाली की कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा नाकाला लावायचे आणि तोंडाने श्वास घ्यायचे. तीस वर्षं मिरची दळली, पण त्यांची शिंक घरात कोणी ऐकली नव्हती. या गोष्टीचा त्यांना केवढा तोरा! नवं गिऱ्हाईक शिंकून बेजार झालं की हे चिमट्याआडून गालातल्या गालात हसायचे.

खोकला मात्र दोन वर्षं पाठ सोडत नव्हता. जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी नाक-तोंडाचा स्कॅन काढला आणि स्पष्ट सांगितलं, दम असाच वाढला तर चक्की बंद करावी लागेल. स्कॅनमध्ये नाक लख्ख निघालं. धनेशभाऊंनी तेवढंच धरून ठेवलं.

"पाहून घे, नाकात काहीच नाही," ते बायकोला, अंजनीला, म्हणाले. "मसाल्याचा खोकला नाहीच हा."

"मग काहून खोकून राहिले रात्रंदिवस?" अंजनी म्हणाली.

त्यांची मुलगी अवंतिका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करते. हवेतले कण नाकात कुठे जाऊन बसतात, हा तिचा विषय. मास्क लावा म्हणून वर्षभर सांगून ती थकली होती. शेवटी तिने तो स्कॅन नेला आणि वडिलांचं नाक-तोंड पारदर्शक प्लास्टिकमध्ये बनवून घेतलं. ते बघायला धनेशभाऊ इस्त्रीचा सदरा घालून गेले. प्रयोगासाठी हळद स्वतःच्या चक्कीची. सकाळपासून चिमटा सापडत नव्हता, म्हणून तेवढी चिडचिड होती.

अवंतिकाने घशाच्या जागी पांढरा कागद लावला, पंप सुरू केला आणि समोर हळद उडवली. प्लास्टिकचं नाक श्वास घेऊ लागलं. हळद नाकपुडीच्या तोंडाशी बसली, आतल्या अरुंद वळणावर बसली. कागदावर जेमतेम पिवळी झाक आली.

"जाड कणांना वळता येत नाही, बाबा. भिंतीवर आपटून तिथेच चिकटतात."

"अच्छा! म्हणजे माझं नाक काही आत जाऊ देत नाही!" धनेशभाऊ खूश झाले.

अवंतिकाने पर्समधून त्यांचाच चिमटा काढला. प्लास्टिकच्या नाकाला लावला, कागद बदलला आणि पुन्हा हळद उडवली. या वेळी प्लास्टिकने तोंडाने श्वास घेतला. बघता बघता कागद पिवळाधमक झाला.

धनेशभाऊंनी तो कागद काढून उजेडात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हुशारीची लाज वाटली, आणि भीतीही.

"राखणदाराला मीच झोपवलं," ते हळूच म्हणाले. "अन् मागचं दार उघडं ठेवलं."

"चलो, आता लावाल ना मास्क?" तिने विचारलं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अवंतिका मुद्दाम चक्कीवर जाऊन उभी राहिली. धनेशभाऊंनी आधी पोटभर वास घेऊन मसाला पसंत केला. मग तिने आणलेला जाड मास्क बांधला, चिमटा गल्ल्यात टाकला आणि मिरची दळायला घेतली. मास्क नवा, बांधायची सवय नाही. कडेने थोडी मिरची शिरलीच. धनेशभाऊंचे डोळे बारीक झाले, खांदे वर गेले आणि तीस वर्षांची साठलेली शिंक दुकान हादरवून बाहेर पडली.

बापाची शिंक अवंतिकाने जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"शतायुषी व्हा, बाबा," ती म्हणाली. शिंक आली की हे मोठ्यांनी लहानांना म्हणायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.