जावेच्या मशीनमधली सुपारी
पनवेलच्या बाजारात झेंडूच्या ढिगाचा उग्र वास आला की मला धाकट्या जावेचं वॉशिंग मशीन आठवतं. कामोठ्यात आमची घरं एकाच मजल्यावर. त्या दसऱ्याला सासूबाईंनी तिच्या नव्याकोऱ्या मशीनला हार घातला, कुंकू लावलं आणि दार उघडून आतही फुलं, अक्षता, सुपारी वाहिली. बाल्कनीतल्या माझ्या जुन्या मशीनला साधं बोटही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी जावेने न बघताच आतल्या फुलांवर कपडे टाकले आणि साबणाचं पाणी पोटात घेऊन तिचं मशीन बंद पडलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मेकॅनिकने खालची जाळी काढली, तर पाकळ्यांचा लगदा, तांदूळ आणि तीच सुपारी! "आजी, पाणी जाणार कुठून? इथे तर पूजाच मांडलीय," तो हसला. आता सासूबाई खजील होतील म्हणून मी टपून होते. त्यांनी सुपारी धुऊन जावेच्या देवघरात ठेवली आणि तिचे ओले कपडे माझ्या मशीनमध्ये आणून टाकले. आज सासूबाई नाहीत, माझं मशीन मात्र अजून धडधडत चालतंय. तरी झेंडू घेताना वाटतंच, एकदा तरी तेही त्यांच्या अक्षतांनी बंद पडायला हवं होतं.