बूथमधला खोटा साहेब

परवा जामबागच्या एका कॉलेजात मुलांचे मॉक इंटरव्ह्यू घ्यायला गेलो होतो. तिथे सरिता भेटली... आणि काचीगुड्यातला माझा एसटीडी बूथ डोळ्यांसमोर आला.

तेव्हा शहरात कॉल सेंटरं नवी नवी उघडत होती. पहिली मुलाखत फोनवरच. जवळच्या कॉलेजातली मुलं हुशार, पण घरी फोन नाही... रिसीव्हर हातात आला की इंग्रजी गायब! त्यांच्या प्राध्यापक बाई माझ्याकडे आल्या, "दुपारी बूथ रिकामाच असतो ना? मुलांना सराव करू द्या."

मी शिकलो दहावीपर्यंत. पण बूथवाल्याचे कान! काचेआडून इतके साहेब ऐकले होते की कुणाचाही आवाज काढायचो. समोरच्या इराणी हॉटेलातून बूथवर फोन लावायचा आणि "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणून दरडावायचं. तिथले गल्ल्यावरचे गफूरभाई मला येड्यात काढायचे, "क्या हौले साब, बच्ची कू रुलाते क्या?"

सरिता खरंच दोनदा रडली होती. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, धाकटी दोघं शिकणारी... ही नोकरी तिला हवीच होती. कंपनीला तिनं माझ्या बूथचाच नंबर दिला होता. फोन चारनंतर येणार, म्हणून त्याआधी शेवटचा सराव ठरला.

मी हॉटेलातून नंबर फिरवला... एंगेज. पुन्हा फिरवला... एंगेज! पाहतो तर काचेपलीकडे सरिता रिसीव्हर कानाला लावून खुशाल हातवारे करतेय, हसतेय.

चहा तसाच टाकून धावलो. फाडफाड इंग्रजी बोलून झाल्यावर सरिताबाई म्हणतायत, "काका, आज आवाज एकदम फर्स्ट क्लास! पण थोडं दरडावा ना. खरा साहेब इतकं गोड कैकू बोलेल?"

तिनं मला दारात पाहिलं... मग रिसीव्हरकडे. चेहरा पांढराफटक!

चाचरत तिनं सगळं इंग्रजीत कबूल केलं. वेळेआधीच फोन केलेला पलीकडचा खरा साहेब इतका हसला की मला बाहेर ऐकू आलं. म्हणाला, सोमवारी जॉइन हो... आणि तुझ्या त्या काकांनाही घेऊन ये!

परवा सरिता स्वतःच कंपनीची साहेब म्हणून आली होती. समोरच्या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. सरितानं माझ्याकडे बोट दाखवलं, "यांच्याशी बोल गं. हे खोटे साहेब आहेत."

पोरगी खुदकन हसली... आणि बोलायला लागली.

बूथ केव्हाच बंद झाला. खोट्या साहेबाची नोकरी मात्र चालू आहे... आणि या नोकरीतून रिटायर व्हायची आपल्याला अजिबात घाई नाही.