जाऊबाईंचा फोन एंगेज

माझी थोरली जाऊ म्हणजे शिवणाच्या मशीनला जुंपलेली बाई. भावजी अकाली गेले, तेव्हापासून गल्लीभरचे कपडे शिवून तिने एकुलत्या एका लेकाला वाढवलं. लेक मोठा झाला नि बोटीवर नोकरीला लागला. निघण्याआधी आईला पत्रं वाचता यावीत म्हणून घरात कॉम्प्युटर बसवून गेला. गल्लीतला पहिलाच! ताईंनी, म्हणजे जाऊबाईंनी, त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं.

इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं. ते चालू असेपर्यंत फोन एंगेज. जोडताना ते यंत्र असं काही किंचाळायचं, की खालच्या मजल्यावरून आमचे हे ओरडायचे, "वहिनी, कुणाचा गळा दाबताय?"

पोराची ई-मेल नेमाने यायची, आणि एकाएकी बंद झाली. आधी ताई म्हणाल्या, "कामात असेल." मग बोलणंच खुंटलं. एका गिऱ्हाइकाच्या झग्याला उलटी बाही लागली. मशीनवर धूळ बसली आणि ताई दिवसभर पडद्यासमोर. लाइन तुटली की पुन्हा जोडायच्या. काळजी मलाही होती, आणि काळजी वाटली की मी चिडते.

"अहो ताई, बंद करा ते! पत्र काय पोस्टमनच्या हातात आहे, दार लावलं तर परत जायला?"

"कळतं गं मला," एवढंच म्हणाल्या. आणि मी नेलेलं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा फोन वाजला. "काकू, आईला बोलव ना. कधीपासून लावतोय, सारखा एंगेज!"

"अरे मेल्या, आहेस कुठे तू? थांब, ठेवू नकोस!" मी धावतच वर गेले. धाप लागलेली, तोंडातून कसंबसं निघालं, "ताई, खाली चला. फोन आहे."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीचे हात घट्ट धरले. "मी नाही येत."

"अहो, पोराचा फोन आहे!"

"हे गेले तेव्हाही तूच आली होतीस. अशीच धापा टाकत. फोन आहे म्हणालीस." त्यांनी कॉम्प्युटरच्या तारेकडे बोट दाखवलं. "म्हणून तर तार मोकळी सोडत नव्हते. फोन लागलाच नाही, तर कोण काय सांगणार मला? तुझ्या फोनचं ध्यानातच आलं नाही बघ."

आणि मी इतके दिवस त्यांना अडाणी समजत होते! मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. "मी त्याचा आवाज ऐकलाय, ताई. या कानांनी."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

जिना उतरताना त्यांनी माझा दंड सोडला नाही. रिसीव्हर कानाला लावला. तिकडून तो "आई, आई" करत होता, ते मला बाजूला उभ्यानेही ऐकू येत होतं. मग तो बराच वेळ बोलत राहिला आणि ताई नुसत्या हं हं करत होत्या.

एकदम माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू.

"अगं, बोटीवर पडला! दवाखान्यात आहे, तिथे कॉम्प्युटर नाही. उजवा हात मोडलाय त्याचा," त्या म्हणाल्या. "नुसता हात गं! नुसता हातच मोडलाय!"