पत्र्याचं फाटक आणि चीनचे नाके

लग्न होऊन मी नागावात आले तेव्हा या घरात चीन माझ्या आधीच येऊन बसलेला होता. हे नुकतेच कॉलेजात इतिहास शिकवायला लागले होते. दाराशी किल्ले, हाकेच्या अंतरावर पोर्तुगीजांचं जुनं गाव, पण तिकडे ढुंकूनही न बघता यांनी अभ्यासाला विषय घेतला होता हाँगकाँगभोवतीच्या चिनी जकात नाक्यांचा. सासूबाई म्हणायच्या, "घरात काय कमी होती म्हणून समुद्रापलीकडची भांडणं आणलीस रे?" हे हसायचे आणि वाचत राहायचे.

ती भांडणं मी सुपाऱ्या सोलता सोलता ऐकली आणि मला तोंडपाठ झाली. हाँगकाँग इंग्रजांनी घेतलं आणि तिथे जकात नाही असं जाहीर केलं. आपल्या मुंबईच्या बंदरातून अफू तिथे जायची आणि तिथून लहान गलबतांतून चोरून चीनच्या किनाऱ्याला लागायची. चिनी अधिकाऱ्यांचा महसूल बुडायला लागला. मग त्यांनी बंदराच्या तोंडाशी आणि आसपासच्या बेटांवर नाके बसवले आणि गलबतं अडवायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांनी बोंब ठोकली, ही नाकेबंदी आहे म्हणून. पलीकडे मकावात पोर्तुगीजांनीही तोच सूर लावला. वर्षानुवर्षं खलिते जात राहिले, येत राहिले.

"यात एवढं भांडण्यासारखं काय आहे?" मी एकदा विचारलं. "थांबावं, काय आहे ते दाखवावं, पुढे जावं."

"तिथेच तर सगळं आहे," हे म्हणाले. "एकदा थांबलीस की तो नाका तू मान्य केलास."

हे वाक्य यांनी इतक्यांदा म्हटलं की दीर त्यांची नक्कल करायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले की म्हणायचे, "वहिनी, मी थांबणार नाही हां, नाका मान्य होतो." सगळे हसायचो. हे सगळ्यात जास्त.

सासऱ्यांच्या मागे वाडीची वाटणी झाली. रस्त्याकडचा अर्धा भाग आम्हाला, समुद्राकडचा धाकट्या दिरांना. शब्दाला शब्द लागला नाही, गावात कौतुक झालं. जुनी पाखाडी, म्हणजे चिरे बसवलेली पायवाट, आमच्या परसातून निघून त्यांच्या माडांतून थेट वाळूवर उतरायची. नारळी पौर्णिमेला दोघे भाऊ त्या पाखाडीने जायचे. नारळ थोरल्याच्या हातात, फुलं धाकट्याच्या. हे गुडघाभर पाण्यात शिरून नारळ सोडायचे आणि लाटेने तोल जाऊ नये म्हणून दीर मागून यांचं कोपर धरून उभे राहायचे. मला समुद्रापेक्षा ते कोपर धरणंच बघायला आवडायचं.

मग गावात पर्यटक आले आणि दिरांनी माडांत खोल्या बांधून होमस्टे काढला. पाहुणे चड्ड्यांवर हिंडत आमच्या परसात यायचे, आमची माणसं त्यांच्या झोपाळ्यांमधून जायची. दिरांनी हद्दीवर पत्र्याचं उंच फाटक बसवलं. कडी त्यांच्या बाजूला. यांना म्हणाले, "दादा, नुसती एक हाक मार. मी असेन तिथून येऊन उघडतो."

ह्यात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण यांचा चेहरा पांढरा पडला. बापाच्या वाटेवर परवानगी मागायची? त्या दिवसापासून हे रस्त्याने, भेळेच्या गाड्यांना वळसा घालून, सार्वजनिक गल्लीतून समुद्रावर जायला लागले. आणि दीरही तसलेच. हाक मारल्याशिवाय कडी काढणार नाही म्हणाले. पौर्णिमेला यांचा नारळ गल्लीतून, दिरांची फुलं पाखाडीने. मला दोघांच्या मुस्कटात द्यावीशी वाटायची.

हाँगकाँगचा तंटा शेवटी मिटला होता. नाके चीनच्याच, पण परदेशी माणसांनी चालवलेल्या एका तिसऱ्या खात्याकडे दिले आणि त्याचा अधिकारी खुद्द हाँगकाँगात राहायला लागला. दोन्ही बाजूंची अब्रू राहिली. हे मला म्हणायचे, "आपल्यात तो अधिकारी तू." खरंच होते. फणस इकडून तिकडे, मोदक तिकडून इकडे, सगळं जाऊबाईंच्या आणि माझ्या हातून मधल्या दगडी गडग्यावरून चालायचं.

गेल्या वर्षी यांच्या घशात दुखणं निघालं. मुलाकडे मुंबईला राहून उपचार घेतले. घरी परतले तेव्हा अर्धे झाले होते आणि आवाज गेला होता. बोलले की वाळलेली झावळी ओढल्यासारखं काहीतरी व्हायचं, जवळ कान नेला तरच कळायचं. मी जाऊबाईंना सांगायला निघाले तर यांनी हात धरला. "साखर वाढलीय म्हणून सांग. आवाजाचं नको. आपली पडती बाजू पलीकडे कळवायची नसते." मरणाच्या दारातही चीनच! मी चिडले, रडले, पण दुखणं त्यांचं होतं. मी साखरच सांगितली.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी हे धोतर नेसून, हातात नारळ घेऊन बसलेले. मी म्हटलं, रिक्षा बोलावते. मान हलवली. "पाखाडीनं जाऊ. हाक मारतो त्याला."

माझ्या डोळ्यांना धाराच लागल्या. गडग्याशी जाऊन जाऊबाईंना सांगितलं, "भाऊजींना म्हणावं, आज हे यायचेत." त्यांनीही पदर डोळ्याला लावला.

यांनी मला पडवीतच थांबवलं. हे आमच्या दोघा भावांतलं आहे म्हणाले. माडांमधून मला दिसत होते. काठी टेकत फाटकापर्यंत गेले. उभे राहिले. समुद्र खवळलेला होता, वाऱ्याने माड आणि फाटकाचा पत्रा एकसारखे वाजत होते. यांची मान वर झाली, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. मग तसेच वळले.

नारळ देवापुढे ठेवून म्हणाले, "दोनदा मारली. नाही उघडलं त्यानं."

मी धावणार इतक्यात यांना ठसका लागला, आणि त्यातून रक्त आलं. शेजाऱ्याच्या गाडीतून अलिबागला नेलं. दीर पायात चप्पल न घालता इस्पितळात पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. अग्नी मुलाने दिला, पण घरापासून खांदा दिरांनी सोडला नाही.

तेराव्यानंतर ते आमच्या पडवीत येऊन बसले.

"वहिनी, मी सकाळपासून कडीवर हात ठेवून उभा होतो. फुलं तिथेच खाली ठेवलेली. दादा आलेला मला कळला, काठी ऐकू आली. आता मारेल, मग मारेल म्हणून उभा राहिलो. पण तो गप्प राहिला आणि परत गेला. एवढा राग का, वहिनी? दारापर्यंत येऊन?"

सांगावं की नाही, याचा मी विचार केला. नाही सांगितलं तर ते भावाला आयुष्यभर निष्ठुर समजले असते, आणि सांगितलं तर स्वतःला. पण हे निष्ठुर नव्हते. यांना तसं कुणालाही म्हणू द्यायचं नव्हतं मला.

"त्यांनी हाक मारली होती, भाऊजी. दोनदा. घशाच्या दुखण्यात आवाज गेला होता त्यांचा. तुम्हाला सांगू दिलं नाही मला."

ते हळूच म्हणाले, "वाऱ्यात काहीतरी खरखरलं होतं. मला वाटलं, झावळी आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचं कोपर धरलं.

"मी दादाचा आवाज ऐकत होतो, वहिनी," ते म्हणाले. "त्याचा तो मोठा आवाज."